गिरकी आणि मानेचा पट्टा

माझी मुलगी स्टेजवर पडली ती माझ्यामुळे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं कुणासमोर उच्चारलं नव्हतं. बायकोसमोर नाही आणि देवासमोरही नाही. देवापुढे हात जोडले की नेमकं दुसरंच काहीतरी मागून मी मोकळा व्हायचो. आता लिहून टाकतो आहे. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नसतं, तेवढंच बरं.

डिसेंबर लागला की आमच्या थेरगावात गॅदरिंगचा हंगाम सुरू होतो. सकाळी डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहावं, तर शाळेच्या मैदानातून एकाच गाण्याच्या त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा येत राहतात. मधेच गाणं थांबतं, बाई माइकवरून ओरडतात, "अरे उजवा, उजवा पाय!" आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. टेलरच्या दुकानात चमकीचे घागरे लटकतात. मंडईत पावट्याच्या शेंगा, ओला हरभरा, लालबुंद गाजरं. बसच्या काचांवर वाफ धरते आणि पुढच्या सीटवरचा कुणीतरी तळहाताने त्यात खिडकी करून बाहेर बघत बसतो. थंडीत लोकांचे गुडघे धरतात. माझी मान धरते. डॉक्टर म्हणतात गारठ्याने. मी हो म्हणतो.

ज्या हिवाळ्याबद्दल सांगतोय, तेव्हा प्राची सहावीत होती. फरशा आणि नळ विकणाऱ्या एका दुकानाच्या वरती हॉल होता, तिथे तनुजा मॅमचा बॅलेचा क्लास भरायचा. बॅले हा शब्दच आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वर्षी आला. आणला साक्षीच्या आईने. ही बाई थेरगावातल्या जुन्या घरातली. आमची बिल्डिंग ज्या रानावर उभी आहे ते रान त्यांचंच. त्यामुळे ती जे करील ते खालचे-वरचे सगळे मजले करत. "आमची साक्षी बघा, घरात आता टाचा वर करून चालती, मांजरावानी," असं तिने जिन्यात सांगितलं आणि पुढच्या महिन्यात बिल्डिंगमधल्या निम्म्या मुली टाचा वर करून चालू लागल्या. माझी बायको सुनंदा कशाला मागे राहते? "आपलं लेकरू काय कमी आहे का?" म्हणाली. प्राचीचं नाव घातलं.

त्या हॉलचा वास अजून आठवतो. खालून सिमेंटचा आणि नव्या प्लास्टिकचा, वर मुलींच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा. एका भिंतीला आरसे, दुसऱ्या भिंतीला लोखंडी नळी, तिला धरून मुली ओळीने उभ्या. ती नळी मॅमनी खालच्याच दुकानातून घेतली होती म्हणे. क्लासमध्ये त्या एका पायावरच्या फेऱ्याला पिरुएट म्हणत. आमच्या घरात ती गिरकी झाली. एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची बोटं गुडघ्याला टेकवायची आणि स्वतःभोवती एक पूर्ण वळसा घेऊन, जिथून निघालो तिथेच, न हलता थांबायचं. ऐकायला सोपं आहे. भाकरी थापणंही ऐकायला सोपंच असतं.

आता माझं काम सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. चाकणच्या एका कंपनीत मी बॅलन्सिंगला आहे. इंजिनातला क्रँकशाफ्ट मशीनवर चढवायचा, फिरवायचा. कुठल्या बाजूला किती जड आहे ते स्क्रीनवर येतं, तेवढं ड्रिल मारून काढायचं, पुन्हा फिरवायचा. उमर गेली त्यात. नीट बॅलन्स झालेला शाफ्ट फिरतोय हे डोळ्याला कळतसुद्धा नाही. पाण्यासारखा शांत दिसतो. आणि आमच्याकडची पहिली शिकवण अशी की फिरणाऱ्या वस्तूवर सुटं, हलणारं काही राहू द्यायचं नाही. एवढंसं काही सुटं राहिलं तरी सगळं थरथरतं. ही शिकवण मी घरीही पाळत होतो असं आता वाटतं. बोलणं म्हणजे मला सुटं काहीतरी वाटायचं. कमीत कमी बोलावं, घर थरथरत नाही.

एका संध्याकाळी प्राचीला आणायला गेलो होतो. दारात उभा राहून बघत होतो. ती गिरकी घेत होती आणि डुगडुगत होती. मी नीट बघितलं. धड निघालं तरी तिचं डोकं मागेच राहायचं, पुढे बघत, आणि मग एकदम झटक्याने फिरून बाकीच्या अंगाला गाठायचं. माझ्या डोळ्यांनी जागच्या जागी निकाल दिला. डोकं सुटं आहे.

मॅमना विचारावं असं मनातही आलं नाही. शाफ्टचं मला कळतं तर मुलीचं का नाही कळणार?

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी मी घरी असायचो. सुनंदा देवळात गेली की घरात आम्ही दोघंच. ओट्यावर मी एक स्टीलची वाटी बोटांनी गरकन फिरवली. सुरेख फिरली. मग तिच्या कडेला कणकेचा एक गोळा चिकटवला आणि पुन्हा फिरवली. वाटी लटपटत ओट्याच्या कडेला गेली.

"बघितलंस? हा गोळा म्हणजे तुझं डोकं."

"माझं डोकं कणकेचं आहे का पप्पा?"

"तसं नाही. ते सुटं फिरतंय म्हणून तुझा तोल जातोय. मान आणि धड एकदम फिरलं पाहिजे."

"पण मॅम म्हणतात डोकं मागे ठेवायचं."

"मॅम नाचायचं शिकवतात. बॅलन्सचं मला विचार."

हे शेवटचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. ते बोलताना बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

तिची मान काही सरळ राहीना. मग मला सुनंदाचा पट्टा सुचला. सुनंदा ब्लाउज शिवून द्यायची; मशीनवर वाकून वाकून तिची मान गेली होती आणि डॉक्टरांनी गळ्याभोवती बांधायचा फोमचा पट्टा विकत घ्यायला सांगितला होता. तो कपाटामागच्या खिळ्याला असायचा. मी तो काढला आणि मुलीच्या गळ्याला बांधला. मोठा होत होता म्हणून आत टॉवेल घडी करून घातला. पट्टा घातल्यावर तिचं डोकं आणि खांदे एकत्र फिरू लागले. एक गिरकी तशी जमायचीसुद्धा. दिसायची देखणी, अगदी माझ्या मशीनवरच्यासारखी. दुसरी घेतली की ती भिंत धरायची.

"पप्पा, गरगरतंय."

"सवय होईल."

गॅलरीत कोवळं ऊन, समोरच्या घरातून लसणाची फोडणी, गळ्यात आईचा पट्टा घालून गोल फिरणारी मुलगी, आणि मी, जन्मात कधी बोललो नसेन एवढा बोलत. शाफ्ट कसा फिरतो, ड्रिल कुठे मारतात, चाकणच्या मशीनवर दिवा हिरवा झाला की कसं वाटतं. ती विचारायची, मी सांगायचो. पायरीवर सुनंदाची चप्पल वाजली की पट्टा पुन्हा खिळ्याला.

क्लासचं गॅदरिंग चिंचवडच्या एका भाड्याने घेतलेल्या नाट्यगृहात होतं. मॅमनी दिवाळीच्या फटाक्यांचा नाच बसवला होता. काही मुली अनार, काही फुलबाज्या, आणि आमची प्राची भुईचक्र. तिला दोन गिरक्या लागोपाठ होत्या. पहिली घेतली तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर आलो. मान ताठ, डोकं जागच्या जागी. दुसऱ्या गिरकीत तिचे डोळे कुठेच बघत नव्हते. तिचा पाय बाजूला पडला, मग हात, आणि ती पुठ्ठ्याच्या मोठ्या आकाशकंदिलावर आडवी झाली. कंदील तिला घेऊन खाली आला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "फुसका निघाला रे!" आणि सगळं थिएटर हसलं. वाईट माणसं नव्हती ती. लहान पोर पडलं की लोक हसतात. पण तो हशा अजून कधी कधी, मशीन बंद होताना त्याचा आवाज खाली येतो ना, त्यात मला ऐकू येतो.

मी स्वेटर घेऊन विंगेत गेलो. मॅम तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, चक्रावल्या होत्या.

"डोकं का धरून ठेवलंस, बाळा? आपण असं कधी केलंय का? कुणी सांगितलं तुला असं करायला?"

प्राचीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी दारात उभा.

"कुणी नाही मॅम. मीच केलं."

मी काय केलं? तिला स्वेटर घातला. बटणं लावली. एक बटण चुकीच्या काजात गेलं तेही नंतर कळलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. बाहेर पार्किंगमध्ये बिल्डिंगमधली मंडळी गाड्या काढत उभी होती. साक्षीच्या आईने विचारलं, "काय वो झालं पोरीला? मॅमनी नीट शिकवलं न्हाई व्हय?" आणि मी म्हणालो, "त्यांचा पायाच कच्चा आहे. रोज फिरणाऱ्या वस्तूंचंच काम करतो मी, मला कळतं." बस, एवढंच. पण मी कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्याचं एक असतं, तो बोलला की लोकांना ते खरंच वाटतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जानेवारीत साक्षी क्लासला गेली नाही. मग दुसरी मुलगी. मग तिसरी. उन्हं तापायच्या आत तो हॉल बंद झाला आणि पाटी उतरली. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

प्राचीने नाच सोडला. "अभ्यास आहे," म्हणाली. सुनंदा म्हणाली, "लेकराचं मनच उडालं." मी पेपर वाचत होतो.

असं काही करून बसलेल्या माणसाला दरवर्षी त्याच महिन्यातून जावं लागतं, ही एक गंमतच आहे. कॅलेंडरचं पान उलटलं की झालं, पुन्हा तीच चार ओळींची गाणी, तेच घागरे. मुलगी मोठी झाली, बारावी झाली, इंजिनिअर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली. आमच्यात भांडण कधी झालं नाही. जेवलात का, जेवले. गाडीत पेट्रोल आहे का, आहे. आवाज न करता फिरणारं घर. मी तिच्याशी बोलताना तिच्या कानाकडे बघायचो, कपाळाकडे, केसातल्या क्लिपकडे. डोळे सोडून सगळीकडे.

या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही जेवत होतो. प्राची म्हणाली, "तनुजा मॅमचा क्लास सापडला मला. चऱ्होलीला आहे. मोठ्यांची बॅच असते रविवारी. मी जाणारे."

माझा घास हातातच राहिला. "मी सोडतो," म्हणालो.

"मला गाडी येते पप्पा."

"थंडी आहे."

"तुम्ही चालवलीत म्हणून थंडी कमी होणारे का?"

सुनंदा हसली. पण रविवारी मी गाडी बाहेर काढून उभा होतो. मला एकच गोष्ट बघायची होती. गिरकी घेताना आता तिची मान वळते का?

चऱ्होलीला कांद्याच्या वाफ्यांच्या मधोमध टॉवर उभे राहिलेत. एकीकडे वाफ्यांना पाणी सोडत दारं धरलेला माणूस, दुसरीकडे क्रेन. अशाच एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये क्लास. मॅमचे केस बरेच पिकले होते, पाठ मात्र तशीच, ओळंबा लावल्यासारखी. त्यांनी मला ओळखलं. "प्राचीचे पप्पा ना? या या." त्या तुटक बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बॅचमध्ये एक बँकेतल्या बाई, एक दाताचे डॉक्टर आणि दोन-तीन प्राचीच्या वयाच्या मुली. प्राचीची पाळी आली. गुडघे वाकले, टाच उचलली, ती फिरली आणि मी डोळे मिटून घेतले. मान ताठ. खांद्यांबरोबर डोकं, एका ठोकळ्यात. तोल गेला, दोन पावलं बाजूला.

"मान मोकळी सोड, प्राची," मॅम म्हणाल्या.

"जुनी सवय आहे मॅम. जातच नाही."

सवय होईल, असं मी म्हणालो होतो. झाली होती.

पुढच्या रविवारी मी पुन्हा भिंतीजवळच्या खुर्चीत. मॅम म्हणाल्या, "इथे नुसतं बघत बसायची पद्धत नाही. बूट काढा आणि या." मी उठलो. कशाला उठलो ते तेव्हा नीट कळलं नाही. शिक्षा असेल तर आपणही भोगावी, असं काहीतरी. मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं, त्याचीच जास्त लाज वाटली.

आणि मग मला समजलं की मला काहीच माहीत नव्हतं.

फिरायचं नावच नाही. आधी उभं राहायचं. मॅम सांगत, अंगठ्याचं बूड आणि करंगळीचं बूड, दोन्ही जमिनीला. टाच उचला. गुडघा सरळ. कंबर पायाच्या बरोब्बर वर, मागे नाही. तुम्ही मागे रेलताय, लग्नात सोफ्यावर बसल्यासारखे. हात पोटापुढे, मोठा हंडा धरल्यासारखे, खांदे खाली. आता दुसरा पाय उचला, पण पाय उचलताना त्या बाजूची कंबर नाही उचलायची. श्वास घ्या, श्वास का बंद केलात? मी एका पायावर एक श्वाससुद्धा टिकत नव्हतो. सगळा पाय थरथरायचा. उभ्या आयुष्यात दुसऱ्यांचा थरथराट काढला, आणि माझा मला काढता येईना.

मग गुडघे वाकवणं, त्याला प्लिए म्हणतात. सगळा जोर तिथून येतो. मी हातांनी झोका घेऊन फिरायला बघायचो. "हात फेकू नका. हाताने फिरलात की हातच तुम्हाला पाडणार. खाली जा, जमिनीला ढकला, सरळ वर या. वर यायचं आहे, फिरणं आपोआप होतं." मग पाव गिरकी. दारासमोरून खिडकीकडे, थांबा. खिडकीकडून आरशाकडे, थांबा. प्रत्येक थांब्यावर तोल धरायचा. मग अर्धी.

कंपनीत चहाच्या सुट्टीत मी वॉटर कूलरमागे एका पायावर उभा राहायचो. दत्ताने पकडलं. दत्ता माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, तळेगावहून येतो, त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

"कदम भाऊ, पायाला मुंग्या आल्यात का कुणाचा शाप हाय?"

"बॅलन्स बघतोय."

"घ्या राव! दिवसभर तेच बघतोय की आपण." मग तोही शेजारी एका पायावर उभा राहिला, चहा सांडला, आणि म्हणाला, "च्यायला, अवघड हाय की हे." आता आमच्या लाइनीत चहाच्या वेळी दोघे-तिघे बगळ्यासारखे उभे असतात. सुपरवायझर विचारत नाही. त्याला वाटतं सेफ्टीवाल्यांनी काढलेला नवा व्यायाम आहे.

शेवटी डोक्याची पाळी आली. "समोर एक खूण धरा," मॅम म्हणाल्या. "अंग निघेल, पण नजर खुणेवरच. मान पुरेना झाली की डोकं एकदम फिरवायचं आणि अंग पोचायच्या आत खूण पुन्हा गाठायची. डोकं सगळ्यात शेवटी निघतं आणि सगळ्यात आधी पोचतं. म्हणून गरगरत नाही."

"म्हणजे डोकं सुटं ठेवायचं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कसातरी वाटला.

"सुटं कशाला? मोकळं. काम काय करता तुम्ही?"

मी शाफ्टचं सांगितलं. त्या हसल्या. "पण शाफ्टला चक्कर कुठे येते?"

घरी येताना गाडीवर मी हाच विचार करत होतो. शाफ्टला चक्कर येत नाही, आणि शाफ्ट दोन्ही टोकांना धरलेला असतो. त्याला पडायचं भयच नसतं. माणूस एका चवड्यावर उभा, वरचं टोक हवेत. त्याला धरायला त्याची नजर तेवढी असते. मी माझ्या लेकीची ती धरायची जागाच काढून घेतली होती, वर तिला सांगितलं होतं की बॅलन्सचं मला विचार.

गेल्या रविवारी मॅमनी आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं. "भिंतीवरची खूण आज नको. एकाने फिरायचं, दुसऱ्याने उभं राहायचं. एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. बापलेक आहात, सोपं जाईल."

मी आधी. गुडघे वाकवले, वर आलो, पडलो. पुन्हा. पुन्हा पडलो.

"पप्पा, माझ्याकडे बघा ना. क्लिपकडे काय बघताय?"

मी पाय खाली ठेवला. खिडकीतून कांद्याच्या पातीचा ओला वास येत होता. आणि तोंडातून निघूनच गेलं. "तो पट्टा मी घातला होता तुला."

"कसला पट्टा?" मॅम म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. वाटी, कणीक, सुनंदाचा पट्टा, आतला टॉवेल, विंगेतला दरवाजा. बँकेतल्या बाई पाण्याची बाटली धरून तशाच उभ्या राहिल्या. मी सांगत होतो तेव्हा प्राचीकडे बघत नव्हतो, बघितलं तेव्हा ती हसत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती.

"पप्पा, गळा माझाच होता. मला माहीत नसणारे का?"

मॅमनी तिला विचारलं, "मग तेव्हा 'मीच केलं' का म्हणालीस?"

ती जरा वेळ पायाच्या बोटाने फरशीवर गोल काढत राहिली. "पप्पा त्याच्या आधी माझ्याशी एवढं कधी बोललेच नव्हते, मॅम. रोज सकाळी शाफ्ट काय, ड्रिल काय. मला वाटलं, यांचं नाव सांगितलं तर ते बंद होईल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ते तसंही बंदच झालं."

 या वेळी मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो.

पार्किंगमधलंही सांगितलं. ते मॅमकडे वळून सांगितलं, कारण ते त्यांचं होतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुली एकेक करून का गेल्या ते मला कुणी सांगितलंच नाही. मी घरी आरशासमोर उभी राहून बघायचे, मी नेमकं काय चुकीचं शिकवलं." त्यांनी हे शांतपणे सांगितलं. मी हात जोडले. त्यांनी ते ना घेतले ना झिडकारले. "बरं झालं बोललात," म्हणाल्या. "पण हे तुम्ही मला सांगताय. तेव्हा ज्यांना सांगितलंत, त्यांना?" आणि लगेच टाळी वाजवून, "चल प्राची, तुझी पाळी. समोर बघ."

प्राची समोर उभी राहिली. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. खाली गेली, वर आली, खांदा निघाला, पाठ निघाली, आणि तिचे डोळे माझ्यावरच होते, होते, होते, मग केस उडाले आणि डोळे पुन्हा माझ्यावर. मान वळली होती. एवढी साधी गोष्ट. ती थांबली, न हलता, आणि तिलाही खरं वाटेना. "झाली?" तिने मलाच विचारलं. मग लागोपाठ दोन घेतल्या. भुईचक्राच्या.

मग मी घेतली. फार सांगण्यासारखी नव्हती. थांबताना एक पाऊल हललं, हंडा वाकडा झाला. पण निघताना तिचा चेहरा होता आणि परत आलो तेव्हा तो तिथेच होता. मधलं जग कुठे गेलं कळलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या वाटेवर मी मफलर बांधायला विसरलो. गार वारा थेट गळ्याला लागत होता आणि मान दुखत नव्हती. मागे बसून प्राची मोशीपर्यंत बोलत होती. ऑफिसातलं, मैत्रिणीच्या लग्नाचं, कशाचंही. मी मधेच विचारत होतो. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तर वाटलं, अडकू दे. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि सुनंदालाही सांगून टाकलं. ती म्हणाली, "तरीच! तरीच माझा पट्टा सैल झाला होता. मी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या!" आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. ती नंतर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर कुणी खाल्लं असतं का तुम्हाला?" खरंच, कुणी खाल्लं नाही. इतकी वर्षं उगाच घाबरलो. हलकं वाटतंय. सकाळी बसची वाट बघताना शाळेतलं गाणं ऐकू आलं, तर मी पायाने ताल धरला होता.

पण मॅमनी विचारलेलं उत्तराविना राहिलं आहे. साक्षीची आई अजून आमच्याच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहते. पार्किंगमध्ये तेव्हा उभी असलेली बरीचशी माणसं रोज भेटतात, कसं काय विचारतात. तनुजा मॅमनी बरोबर शिकवलं होतं, चुकीचं मी शिकवलं आणि वर त्यांच्याबद्दल खोटं बोललो, हे मला त्या सगळ्यांना, नाव घेऊन, तोंडावर सांगायचं आहे. अजून एकालाही सांगितलेलं नाही. तेवढं देणं माझ्याकडे बाकी आहे.